गडग्यावरचा समुद्र

"परवा रात्री दोन वाजता तुझ्या घरात कोण गो एवढं ओरडलं?"

काकूंनी थेट विचारलं. मी रातांबे फोडत बसले होते. दोन्ही हात लालभडक, समोर टोपली, मागे परात. अशा वेळी माणूस उठून जाऊ शकत नाही, हे काकूंना माहीत असतं. आमच्या दोघींच्या मध्ये गडगा कमरेएवढा. गेल्या पावसात त्याचा एक कोपरा ढासळला आणि तिथे एक माणूस टेकेल एवढी बैठक तयार झाली. दोन्ही घरच्या पुरुषांना तो कोपरा रचायला सवड होत नाही, आणि आम्ही दोघीही त्यांना आठवण करत नाही.

"मीच ओरडले," मी म्हटलं.

"ते कळलं मला. आमचे म्हणाले, चोर शिरला असेल. मी म्हटलं, चोर आला तर ती ओरडायची नाही. त्याला चहा करून देईल नि ती माशांची टाकी उचलून न्यायला सांगेल."

"काकू, ती उचलायला एक चोर नाही पुरायचा. पाणी, काच, दगड, वाळू, लाकूड सगळं धरून साडेसहाशे किलो भरतंय. पूर्वीची मारुती ८०० आठवते ना? ती आमच्या ओटीवर उभी आहे असं समजा."

"बरं, पण ओरडलीस कशाला?"

"सांगते. पण ते टाकीपासून सुरू होतं."

"तुझं हल्ली सगळं टाकीपासूनच सुरू होतं," म्हणत काकूंनी पदर खोचला आणि ढासळलेल्या कोपऱ्यावर बैठक मारली. म्हणजे आता तासाची निश्चिंती.

जुनी टाकी काकूंच्या चांगल्या ओळखीची. दोन फुटी, सत्तर लिटर पाण्याची, आत दोन जोकर मासे आणि एक कोळंबी. खाली बाजारातून तयार आणलेला लोखंडी अँगलचा स्टँड. दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं, दहा वर्षं बघायला नको. आता खाऱ्या पाण्याची गंमत अशी की ते सांडत नाही, ते सरपटतं. काठावर बारीक तुषार उडतात, पाणी वाळतं, मीठ राहतं. त्या मिठाला धरून आणखी पाणी वर चढतं, पुन्हा वाळतं. आठ दिवस कोणी फडकं मारलं नाही की काचेच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखा थर. तो हळूहळू स्टँडवर उतरतो. गणपतीच्या आधी घर झाडताना मी स्टँडच्या पायाला नुसता झाडू लावला, तर लोखंडाचा पापुद्रा पापडासारखा सुटून हातात आला.

"मग नवा स्टँड आणायचा."

"शहाण्या माणसाने तेच केलं असतं. ह्यांनी बटण तुटलं म्हणून नवा सूट शिवायला टाकला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी. आणि स्टँड म्हणे घरी करणार."

काकू हसायच्या थांबेनात. त्यांचं बरोबरच होतं. बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी भिंतीत एकच खिळा ठोकलाय, तोही कॅलेंडरसाठी. ते कॅलेंडर डिसेंबर बघायच्या आत खाली आलं.

"पण एवढी मोठी कशाला? मासे तर दोनच."

मीही हेच विचारलं होतं. ह्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. छोट्या पातेलीतलं दूध आपण पाठ फिरवतो न फिरवतो तोच उतू जातं, मोठ्या टोपातलं आपल्याला वेळ देतं. टाकीचं तसंच. सत्तर लिटरमध्ये एखादा मासा दगडामागे मेला आणि दिवसभर दिसला नाही, तर संध्याकाळपर्यंत पाणी बिघडतं. साडेचारशे लिटरमध्ये तेच बिघडणं सावकाश होतं, तोवर आपण सावरतो. आणि ह्या माशांना बदलाची सवयच नाही. नदीच्या माशाला पूर माहीत, गढूळ पाणी माहीत. प्रवाळाच्या खडकात राहणाऱ्या माशाला पाणी आज आहे तसंच उद्या असणार हे गृहीत असतं.

"आमच्यांसारखंच की. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला," काकू म्हणाल्या. "हो, त्यावरून आठवलं. तुझ्या नवऱ्याचा टेप आमच्यांनी नेलाय परवापासून. कशाला कोण जाणे. मागितलान तर सांग, आणून देते."

टेपचं मी कानाआड केलं, कारण मला लाकडाचं सांगायचं होतं.

सासऱ्यांनी मागची जुनी माडी उतरवली तेव्हाचे सागवानी वासे माळ्यावर पडून होते. मी दर दिवाळीला म्हणायची, विकून टाकू. हे म्हणायचे, असू दे. ते वासे खाली आले. सुताराकडून फक्त कापून आणि एका बाजूने रंधून आणले, बाकी सगळं ह्यांनी अंगणात. सुताराने जाताना एकच सांगितलं: वजन लाकडावर द्या, स्क्रूवर देऊ नका. म्हणजे वरची चौकट चार खांबांच्या डोक्यावर बसली पाहिजे. खांबांच्या अंगाला नुसती स्क्रूने लटकवली तर सगळी मारुती आठ स्क्रूंच्या गळ्यात. ह्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. स्क्रू फक्त लाकडं जागच्या जागी धरायला, आणि तेही स्टेनलेस स्टीलचे. एकदा गंजाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

"आणि मग ती पट्टी? रोज संध्याकाळी खर्र खर्र चालायचं ती?"

ती पट्टी मात्र बघण्यासारखी झाली. आमच्या ओटीची जमीन कोब्याची. ज्याने घर बांधलं त्याने धुतलेलं पाणी दाराकडे जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही. ह्यांनी स्टँड ठेवला, वर पाणसळ ठेवली, तर आतला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. चार फुटांत नऊ मिलिमीटरचा फरक. मी म्हटलं, नऊ मिलिमीटर म्हणजे काय, करंगळीपेक्षा कमी. कोपऱ्यात एक पाचर मारा आणि मोकळे व्हा. तर म्हणे पाचर मारली की स्टँड तेवढ्या पाचरीवरच उभा राहतो, मधलं लाकूड अधांतरी. मग वाकतं, मग काचेला पीळ पडतो. म्हणून चार फुटांची अखंड पट्टी रंधायची. एका टोकाला नऊ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला जवळजवळ कागद, आणि मध्ये कुठेही उंचवटा नाही. अशा दोन, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या.

पहिल्या दोन बिघडल्या. तिसरी मध्येच चिरली. पण काकू, खरं सांगू? त्या पाच-सहा संध्याकाळी मी नवऱ्याला वेगळाच बघितला. बँकेच्या रांगेत दोन माणसं पुढे असली तरी पाय आपटणारा हा माणूस. तो खाली बसून पट्टीवरून बोट फिरवायचा, डोळे मिटून. कुठे बोटाला लागलं की रंध्याचा एकच हात, पुन्हा बोट. सालपटं निघायची ती बाळाच्या जावळासारखी कुरळी. माझा बंब त्यांच्यावर आठ दिवस पेटला. सहाव्या दिवशी पट्ट्या खाली सरकवल्या, पाणसळ ठेवली आणि मला हाक मारली. बुडबुडा मधोमध. आम्ही दोघं त्या बुडबुड्याकडे बघत उभे, जसं काही पोरगं पहिल्या नंबराने पास झालंय.

"आणि मग रडारड कसली झाली होती? 'कापा, कापा' म्हणून ओरडत होतात ते?"

काकूंना सगळं ऐकू येतं.

"ती संपाची."

"संप? कोणी केला?"

"तो संप नव्हे हो. मोठ्या टाकीच्या खाली, स्टँडच्या पोटात आणखी एक छोटी टाकी असते, तिला संप म्हणतात. वरचं पाणी काठावरून पाइपने खाली येतं, गाळून निघतं, पंप ते परत वर चढवतो. फेस काढायचं यंत्र, सगळी सोंगं त्या खालच्या टाकीत, म्हणजे वर दिसायला नुसता समुद्र."

तर स्टँडला चाराचे सहा खांब झाले होते. चार फुटांची चौकट मध्ये वाकू नये म्हणून पुढे एक नि मागे एक. उत्तम. पॉलिश झालं, हळदकुंकू तेवढं बाकी. मग संपाची टाकी आली, अडीच फूट लांब. आणि पुढच्या दोन खांबांमधली फट पावणेदोन फूट. ह्यांनी ती उभी घातली, आडवी घातली, तिरकी घातली. बाळंतपणातसुद्धा एवढी कसरत नसते. माझा दीर म्हणाला, मधला खांब कापा. तेव्हा ती 'कापा, कापा' नि 'हात लावू नका' अशी दुहेरी आरडाओरड. शेवटी बाजूच्या फळ्या काढल्या आणि संप कुशीतून आत सरकवला. अर्धा इंच वाचला, अर्धा. आता फळ्या बिजागऱ्यांवर आहेत, आणि आलेल्या पाहुण्यांना सांगतात की साफसफाईला सोयीचं जावं म्हणून मुद्दाम तशी रचना केली.

"आता मिठाचं सांग. मीठ विकत आणलंत म्हणे. मी आमच्यांना म्हटलं, समुद्र इथे दहा मिनिटांवर. भाट्याला जा, कॅन भरा."

"साडेचारशे लिटर म्हणजे वीस लिटरचे बावीस-तेवीस कॅन, काकू. आणि दर महिन्याला त्यातलं थोडं बदलायचं. शिवाय भाट्याला काजळीची खाडी मिळते. आत्ता मे महिन्यात पाणी खारं, जुलैत तेच निम्मं गोडं नि गाळाने लाल. मिरकरवाड्याकडे जावं तर बोटींचं डिझेल."

"मग माझ्याकडे दहा किलो खडेमीठ पडलंय सोलांसाठी आणलेलं. मागायचं होतंस."

हे ह्यांना विचारलं असतं तर अर्धा तास व्याख्यान झालं असतं. मी थोडक्यात आवरलं. मिठागरात पाणी आटवतात तेव्हा आपलं मीठ खाली बसतं आणि मॅग्नेशियमसारखे कडू क्षार वरच्या उरलेल्या पाण्यात राहतात, ते ओतून देतात. म्हणून तर आपल्या तोंडाला मीठ नुसतं खारट लागतं. माशांना ते कडूही हवं आणि चुनाही हवा. म्हणून तयार मिसळ आणायची, लिटरला ३५ ग्रॅम. सगळं मिळून सोळा किलो लागली. आणि वरून एक दुर्बिणीसारखी नळी. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे बघायचं, निळी रेघ ३५ वर आली की समुद्र तयार.

"आणि आटलं की पुन्हा मीठ?"

"नाही हो. वाफ होते ती पाण्याची, मीठ तिथेच राहतं. म्हणून वर भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आर.ओ.च्या. ह्या उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वर पंखा लावलाय. माणसं घामाने निथळतायत आणि पंखा टाकीवर. रोज पाच-सहा लिटर उडतं. आर.ओ.चं टाकाऊ पाणी माझ्या जास्वंदीला जातं, तेवढाच माझा फायदा."

काकूंनी गडग्याचा एक सुटा चिरा उचलून पाहिला. "दगड तरी फुकटचे घ्यायचेत. हा जांभा काय वाईट?"

"विचारलं होतं मी. त्यात लोखंड. पाण्यात उतरलं तर शेवाळ माजेल. आणि प्रवाळाचे दगड तर हातही लावायचे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा. प्रवाळ आणि समुद्रघोडा, दोन्ही वाघाच्या पंक्तीला बसवलेत त्यात. कोणी चोरून विकत असेल तर विको, ह्यांनी भाजलेल्या मातीचे दगड आणलेत. दिसायला सच्छिद्र, आपल्या घावनासारखे."

मग मी कोळंबीचं सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय माझं पोट हलकं झालं नसतं. एका रविवारी मिरकरवाड्यावरून घासाघीस करून मी कोळंबी आणली. साफ करून फ्रीजमध्ये ठेवली. दुपारी कालवणाला काढली तर दोन कमी. मोजून आणलेली नसली तरी बाईला कळतं. विचारलं तर म्हणाले, टाकीत टाकल्यात.

"जिवंत होत्या?"

"जिवंत कसल्या! सडायला टाकल्यात. रिकाम्या टाकीत."

काकूंनी नाकाला पदर लावला. पण ती सडणंच हवं होतं. कोळंबी सडली की अमोनिया होतो, तो माशांना विष. मग दगडांवर एक प्रकारचे जिवाणू धरतात, ते अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू येतात आणि त्याचं नायट्रेट करतात, ते मासे चालवून घेतात. ही वंशावळ पूर्ण व्हायला महिना-दीड महिना. आमच्याकडे तीन आठवड्यांत झालं, कारण जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा विरजण म्हणून संपात ठेवला होता.

ते तीन आठवडे म्हणजे ओटीवर प्रयोगशाळा. रोज सकाळी चहाच्या आधी काचेच्या नळ्यांत पाणी घेऊन त्यात थेंब मोजून टाकायचे. पहिल्या नळीत पिवळं चांगलं, हिरवं वाईट. दुसरीत आकाशी चांगलं, जांभळं वाईट. मी चहा घेऊन गेले की तोंडाकडे न बघता विचारायचे, "हा तुला पिवळा वाटतो की पोपटी?" लग्नाच्या साड्या घेताना ह्या माणसाला पिवळा नि पोपटी एकच वाटत होते.

माणसाने एवढी मोठी टाकी रिकामी ठेवून नुसतं पाण्याकडे बघत बसायचं, ही गोष्ट मला आधी वेडेपणाची वाटली. पहिल्यांदा मी खाऱ्या पाण्यातले मासे बघितले ते मुंबईला, मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात, वडिलांचा हात धरून. ते १९५१ पासूनचं. नंतर आपल्या झाडगावचं, तो देवमाशाचा सांगाडा आहे ते. दोन्हीकडे मी माशांचे रंग बघितले. त्यांच्या पाठीमागे कोणी रोज नळीतला रंग बघत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

"मासे हलवलेत कधी?"

"गेल्या गुरुवारी. ताप मोजून, मीठ मोजून. मी म्हटलं, माझं तांब्याचं घंगाळं घ्या, ऐसपैस आहे. तर असे किंचाळले की मी घंगाळं टाकलंच."

"का? तांब्यातलं पाणी तर प्या म्हणून सांगतात."

"माणसाने प्यावं. आमची ती जिवंत कोळंबी तांब्याच्या पाण्यात मरते. शेवटी प्लास्टिकची बादली. मेडिकलमधून सलाईनची कोरी नळी आणली, नव्या टाकीचं पाणी थेंब थेंब बादलीत सोडलं. दोन तास. मध्ये शेजारच्या आळीतल्या वहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या, तर बादलीला सलाईन लावलेलं बघून आल्या पावली परत गेल्या."

काकू डोळे पुसत हसल्या. मग आवाज खाली आणून, गडग्यावरून वाकून म्हणाल्या, "त्या दोघांत नवरा कोण?"

"लहान आहे तो. मोठी ती बायको. आणि ऐका, हे मासे जन्माला येतात ते सगळे नरच. त्यातला जो दांडगा तो मादी होतो. ती मेली की तिचा नवरा हळूहळू मादी होतो आणि खालचा एखादा पोरगा त्याचा नवरा."

काकू काही क्षण गप्प. मग "शिव शिव" म्हणाल्या. मग, "म्हणजे ती गेली की स्वयंपाक त्याच्याच गळ्यात."

"हो."

"चांगलं आहे."

हे मासे आता समुद्रातून पकडावेही लागत नाहीत. आपल्याकडच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची टाकीत पैदास करून दाखवलीय. आमची जोडीही तशीच, टाकीतच जन्मलेली, समुद्र न बघितलेली. पण काकूंचं लक्ष आता तिथे नव्हतं. रातांबे संपत आले होते आणि मूळ प्रश्न तसाच होता.

"रात्रीचं," त्या म्हणाल्या.

"तर रात्री वळीव आला, आठवतं? दोनला लाइट गेली. पंप बंद. आता वर पाणी चढवणाऱ्या पाइपाचं तोंड ह्यांनी टाकीत पाण्याच्या तीन इंच खाली ठेवलेलं. पंप चालू असेपर्यंत काही नाही. पंप थांबला आणि तोच पाइप उलटा ओढायला लागला, आपण रॉकेलच्या पिंपातून नळीने काढायचो तसा. तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली येणार. ह्या टाकीत एक इंच पाणी उतरलं म्हणजे १९ लिटर. तीन इंच म्हणजे सत्तावन्न. संपात जागा तिसाची."

"बाकीचं?"

"ओटीवर. आणि ओटीला उतार दाराकडे. मी पाणी प्यायला उठले, अंधारात पाय टाकला तो गार पाण्यात. घसरले. मला वाटलं टाकी फुटली. तेव्हा ओरडले ती मी."

"आणि तो?"

"बॅटरी घेऊन धावत आले. आधी बोट बुडवून चाटलं, 'खारं आहे' म्हणाले. मग म्हणाले, 'मासे बरे आहेत ना?' मी जमिनीवर बसलेली आहे, काकू. कंबर धरून."

काकूंनी हे नीट साठवून घेतलं, दुपारी उपयोगी पडेल असं.

"आणि खाली विजेचा बोर्ड होता की त्यांचा."

"होता. लाइट गेलेली म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी पहिला बोर्ड भिंतीवर चढवला. मग पाइपाला पाण्याच्या रेषेच्या जरा खाली एक भोक पाडलं, एवढंसं, उदबत्ती जाईल इतकं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढणं तुटतं. काल पाच वेळा मुद्दाम पंप बंद करून बघितला. पाचही वेळा अर्धा इंच उतरून थांबलं. आमच्याकडे ते बघायला माणसं जमली होती. काका तर शेवटपर्यंत होते, खाली वाकून भोक कुठे पाडलं ते..."

मी बोलता बोलता थांबले. काकूही थांबल्या. रातांब्याचा रस कोपरापर्यंत आला होता.

"काकू," मी म्हटलं, "टेप कधी नेलाय म्हणालात?"

"परवापासून." काकू उभ्या राहिल्या. त्यांच्या घराच्या ओटीवर कोणीतरी गुडघ्यावर बसलेलं होतं, आणि भिंतीलगत काहीतरी पिवळं चकाकत सरकत होतं. "जुनी ती दोन फुटी कुठाय गो तुमची?"

"माळ्यावर होती," मी म्हटलं. "आज सकाळी दिसली नाही."

"अहोऽऽ!" काकू गडग्यापासूनच ओरडल्या.